इंटेल ई८१० चं २५ जी कार्ड, व्हीएफ आणि डीपीडीके: आठ महिन्यांच्या वापरानंतर

इंटेलचं ई८१०-एक्सएक्सव्हीडीए२ हे दोन पोर्टचं २५ जी (पोर्टमागे सेकंदाला २५ गिगाबिट) कार्ड गेले आठ महिने रोज वापरतोय, आणि तेही नुसतं नेटवर्क कार्ड म्हणून नाही तर त्याचे व्हर्च्युअल फंक्शन (व्हीएफ, म्हणजे एकाच कार्डातून निघालेली छोटी छोटी कार्डं) काढून, प्रत्येक व्हीएफ वेगळ्या व्हीएमला (सर्व्हरवर चालणाऱ्या आभासी मशीनला) देऊन आणि आत डीपीडीके (कर्नलला बाजूला ठेवून पॅकेट थेट कार्डावरून उचलणारी सॉफ्टवेअर लायब्ररी) चालवून. या कार्डाचे रिव्ह्यू वाचायला गेलं की बऱ्याच ठिकाणी एवढंच सापडतं की कार्ड लावलं, लिंक आली, स्पीड टेस्ट केली, मस्त आहे. व्हीएफबद्दल सविस्तर कोणी लिहीत नाही आणि माझा तर सगळा वेळ तिथेच गेला, म्हणून जे जे हाताला लागलं ते इथे लिहून ठेवतोय. लांबलचक झालंय, ज्याला उद्या हे कार्ड लावायचंय त्याने निवांत वाचा.

मत आधीच सांगून टाकतो. कार्ड उत्तम आहे, परत घ्यायची वेळ आली तर डोळे झाकून हेच घेईन. पण व्हीएफवर स्पीड मिळणं न मिळणं हे कार्डावर कमी आणि कार्ड कुठल्या स्लॉटात बसलंय, कुठल्या सीपीयूच्या बाजूला आहे आणि पीएफ (कार्डाचं मूळ, खरं फंक्शन) कोणाच्या ताब्यात आहे यावर जास्त ठरतं. ही तीन गणितं जमली की कार्ड असं पळतं की बघत राहावं, आणि यातलं एक जरी चुकलं तरी तुम्ही आठवडाभर कोड तपासत बसता आणि कोडमध्ये काहीच सापडत नाही.

माझा वापर असा. एकच दोन सॉकेटचा (दोन सीपीयूंचा) सर्व्हर, त्यावर पाच-सहा व्हीएम, एकात फायरवॉलसारखं काम, दोनांत लोड बॅलन्सर, एकात टेस्टसाठी ट्रॅफिक जनरेटर. आधी हे सगळं होस्टवरच्या (मूळ सर्व्हरवरच्या) सॉफ्टवेअर स्विचमधून जायचं, व्हर्टआयओ (व्हीएमला मिळणारं सॉफ्टवेअरचं आभासी कार्ड) लावून. त्यात प्रत्येक पॅकेट होस्टच्या सीपीयूला स्वतः उचलून व्हीएमच्या मेमरीत कॉपी करायला लागतं, म्हणजे खरं काम सुरू व्हायच्या आधीच दोन-तीन कोर नुसत्या ने-आणीत संपतात. एसआर-आयओव्हीमध्ये, म्हणजे कार्डाचे व्हीएफ पाडायच्या पद्धतीत, हा मधला हमाल काढून टाकला जातो. कार्डं जोडायच्या पीसीआय मार्गाचे नियम ठरवणाऱ्या पीसीआय-सिग या संस्थेने २००७ मध्ये याचं स्पेसिफिकेशन काढलं. एक खरं फंक्शन, ते पीएफ, आणि त्याच्यातून निघालेली हलकी फंक्शन, ते व्हीएफ. प्रत्येक व्हीएफला स्वतःचा पीसीआय पत्ता, स्वतःच्या क्यू (पॅकेटच्या रांगा), स्वतःची मेमरीची खिडकी. व्हीएम त्याला खरं कार्ड समजूनच बोलतो आणि कार्ड पॅकेट थेट व्हीएमच्या मेमरीत टाकतं, होस्टच्या कर्नलचा हात लागतच नाही.

आता एवढा अट्टाहास कशाला, तर आकडा बघा. २५ जी लाइनवर सगळ्यात लहान म्हणजे ६४ बाइटची पॅकेटं आली तर सेकंदाला साधारण ३ कोटी ७२ लाख येतात, कारण वायरवर प्रत्येक पॅकेटला प्रिॲम्बल आणि गॅपचे २० बाइट जास्तीचे लागतात, म्हणजे ८४ बाइट, म्हणजे ६७२ बिट. भागाकार केला की एका पॅकेटला २६.८८ नॅनोसेकंद. ३ गिगाहर्ट्झच्या कोरवर हे जेमतेम ८० सायकल झाले. १० जी वर हाच वेळ ६७.२ नॅनोसेकंद होता, तिथे थोडा श्वास घेता यायचा. एकदा मेमरीपर्यंत जाऊन यायलाच याच्या कितीतरी पट वेळ लागतो, म्हणून डीपीडीके पॅकेटं ३२-३२ च्या घोळक्याने उचलतं, इंटरप्टची (कार्डाने सीपीयूला दिलेल्या हाकेची) वाट न बघता सतत क्यूकडे डोकावत राहतं, आणि कार्डही पॅकेट शक्य तिथे सरळ सीपीयूच्या कॅशमध्ये टाकतं. हे २६.८८ लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्याभोवतीच फिरतं.

बसवण्यापासून सुरू करतो. कार्ड पीसीआयई ४.० चं, आठ लेनचं. सर्व्हरमध्ये एक मोकळा लांब स्लॉट दिसला, त्यात बसवलं, लिंक आली, पिंग गेलं, मी खूश. दोन दिवसांनी लोड टाकला तर एक पोर्ट चालू असेपर्यंत सगळं ठीक आणि दोन्ही पोर्ट भरले की पॅकेट गळायला लागायची, तीही विचित्र प्रमाणात, पोर्ट बदलले, केबल बदलल्या, तरी तेच. शेवटी एलएसपीसीआय (जोडलेल्या कार्डांची माहिती दाखवणारी कमांड) जास्तीच्या डिटेलसकट चालवलं आणि लिंक स्टेटसच्या ओळीत लिहिलेलं दिसलं की स्पीड ८ जीटी, रुंदी एक्स४, आणि पुढे डाउनग्रेडेड. स्लॉट दिसायला लांब होता पण आत वायरिंग चारच लेनचं, आणि तेही तिसऱ्या पिढीचं. चार लेन तिसऱ्या पिढीच्या म्हणजे एका दिशेला ३१.५ गिगाबिट, तेही पॅकेटचे हेडर आणि डिस्क्रिप्टरची (पॅकेट मेमरीत कुठे आहे ते सांगणाऱ्या नोंदींची) ये-जा धरायच्या आधी. पन्नास गिगाबिट त्यातून जाणार कुठून. कार्ड बिचारं पहिल्या दिवसापासून त्या ओळीत सांगत होतं, मीच बघितलं नाही. त्यामुळे कार्ड लावल्या लावल्या पहिलं काम म्हणजे ही एक ओळ वाचणं, लिंकचा हिरवा दिवा नंतर बघा.

योग्य स्लॉटात बसवल्यावर व्हीएफ काढायला गेलो. काढायची पद्धत एकदम सोपी आहे, सिसएफएसमध्ये (लिनक्समधल्या डिव्हाइसच्या सेटिंग फाइलींत) त्या इंटरफेसच्या डिव्हाइस फोल्डरात एसआरआयओव्ही-नमव्हीएफएस नावाची फाइल असते, त्यात किती हवेत तो आकडा लिहायचा, झालं. शेजारीच टोटलव्हीएफएस नावाची फाइल जास्तीत जास्त किती निघतील ते सांगते. मी ८ लिहिले आणि एरर. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) ओळ आली की एसआर-आयओव्हीसाठी पुरेशी एमएमआयओ जागा नाही. याचा कार्डाशी काही संबंध नसतो, हे बायोसचं काम. प्रत्येक व्हीएफला मेमरीच्या नकाशात स्वतःची जागा लागते आणि ती ४ जीबीच्या खाली मावत नाही, म्हणून बायोसमध्ये अबव्ह ४ जी डिकोडिंग चालू करायला लागतं, सोबत एसआर-आयओव्ही आणि व्हीटी-डी (इंटेलचं आयओएमएमयू, म्हणजे कुठलं डिव्हाइस मेमरीच्या कुठल्या भागाला हात लावेल ते ठरवणारं हार्डवेअर) पण. आमच्या बोर्डाच्या बायोसमध्ये हे तीन पर्याय तीन वेगवेगळ्या मेन्यूत लपलेत आणि एकाचं नाव तर असं काही आहे की वाचून कळतच नाही, पण सापडतात. कर्नलला बूट करताना इंटेल आयओएमएमयू ऑन आणि आयओएमएमयू पासथ्रू असे दोन पर्याय दिले की होस्टच्या स्वतःच्या कामालाही उगाच ट्रान्सलेशनचा बोजा पडत नाही.

अजून एक छोटी गोष्ट, जी नव्या माणसाला हमखास आडवी येते. ८ व्हीएफ असताना थेट १६ लिहिले तर डिव्हाइस बिझी म्हणून परत पाठवतं. आधी शून्य लिहायचं, मग १६. आणि शून्य लिहिलं की चालू असलेले सगळे व्हीएफ एका क्षणात गायब, ज्या ज्या व्हीएमना दिलेत त्यांच्यासकट. म्हणून संख्या सुरुवातीलाच विचार करून ठरवा, नंतर वाढवू म्हणून सोडू नका. रीबूटनंतर पण आकडा टिकत नाही, त्यासाठी मी सिस्टमडीचं (लिनक्समध्ये बूटनंतर सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचं) एक छोटं युनिट करून ठेवलंय जे व्हीएमच्या आधी चालतं. त्यात आधी ऑटोप्रोबच्या फाइलीत शून्य लिहितो, म्हणजे होस्टचा ड्रायव्हर नव्या व्हीएफवर आपण होऊन बसत नाही आणि नंतर त्यांना सोडवत बसायला लागत नाही.

संख्या ठरवताना क्यूचा हिशेब धरा, हे मला फार उशिरा कळलं. कार्ड एकूण २५६ व्हीएफपर्यंत देतं, हा आकडा वाचून भारी वाटतं, पण इंटरप्ट व्हेक्टरची एकूण संख्या ठरलेली असते आणि ती सगळ्यांत वाटली जाते. या कार्डाचा लिनक्समधला आइस नावाचा ड्रायव्हर वाटणी अशी करतो की थोडे व्हीएफ असतील तर प्रत्येकाला १६ क्यूच्या जोड्या, वाढत गेले की ४, मग २ आणि अगदीच गर्दी झाली तर १. डीपीडीके इंटरप्ट वापरत नाही तरी क्यूची संख्या त्या वाटणीवरूनच ठरते. म्हणजे ज्या व्हीएममध्ये आठ कोरवर ट्रॅफिक पसरवायचंय त्याला एकच क्यू मिळाली तर बाकीचे सात कोर बघत बसणार. मी आधी पुढे लागतील म्हणून भरमसाट व्हीएफ काढून ठेवले होते, आणि आत टेस्टपीएमडी (डीपीडीकेसोबतचं टेस्टिंगचं ॲप) चालवलं तर मागितलेल्या क्यू मिळेचनात. आता प्रत्येक पोर्टवर आठच काढतो आणि सगळ्यांना पोटभर क्यू मिळतात.

मधे एकदा एक वेगळाच प्रकार झाला. होस्टची नवीन, छोटी केलेली इमेज टाकली आणि व्हीएफ निघेचनात, पीएफ मात्र चालू, पण त्यालाही एकच क्यू. या कार्डाला चालू होताना डीडीपी नावाची एक पॅकेज फाइल लागते, ड्रायव्हर ती फर्मवेअरच्या फोल्डरातून उचलून कार्डात भरतो, त्यात पॅकेट कसं वाचायचं, कुठले हेडर ओळखायचे ते असतं. ती नसेल तर कार्ड सेफ मोडमध्ये जातं आणि सेफ मोडमध्ये एसआर-आयओव्ही पूर्ण बंद. इमेज लहान करताना मीच ती फाइल उडवली होती. डीमेसेजमध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं, त्यामुळे ड्रायव्हरला पूर्ण मार्क. आणि हीच डीडीपी या कार्डाची मोठी ताकदही आहे, कारण पॅकेज बदललं की तेच हार्डवेअर जीटीपी (मोबाइल नेटवर्कचं टनेल) किंवा पीपीपीओई (ब्रॉडबँडचं टनेल) यांच्या आतलं हेडर वाचून त्यावरून आरएसएस करतं, म्हणजे टनेलमधलं सगळं ट्रॅफिक एकाच क्यूवर न पडता आतल्या पत्त्यांवरून पसरतं. मोबाइल नेटवर्कच्या यूपीएफसारखी (ग्राहकांचा डेटा पुढे नेणाऱ्या भागासारखी) कामं करणाऱ्यांना हे सोन्यासारखं आहे.

व्हीएफ व्हीएफआयओ-पीसीआयला (डिव्हाइस थेट व्हीएमच्या हाती देणाऱ्या कर्नल ड्रायव्हरला) बांधून व्हीएमला देणं हे सरळ आहे, डीपीडीकेसोबत येणारी डेव्हबाइंड स्क्रिप्ट घ्या आणि बांधा. फक्त आयओएमएमयू ग्रुप (एकत्रच द्याव्या लागणाऱ्या डिव्हाइसचा गट) बघा. बोर्डात एसीएस (डिव्हाइस एकमेकांपासून वेगळी ठेवायची पीसीआयईची सोय) नीट नसेल तर दोन-चार डिव्हाइस एकाच ग्रुपात येतात आणि त्यातला एकच द्यायला गेलात तर ग्रुप व्हायेबल नाही म्हणून नकार मिळतो. इंटरनेटवर यासाठी कर्नल पॅच करून एसीएस आहे असं भासवायचे सल्ले खूप दिसतात, ते करू नका, कारण मग एका व्हीएमचा डिव्हाइस दुसऱ्याच्या मेमरीत पोचू शकतो आणि ज्यासाठी आयओएमएमयू लावलं तेच गेलं. दुसरा स्लॉट बघा किंवा दुसरा बोर्ड बघा. व्हीएमची सगळी रॅम एकदम लॉक होते हेही धरून चाला, म्हणजे बलूनिंग (चालू व्हीएमची रॅम कमी-जास्त करणं) वगैरे विसरा. आणि मेमलॉकची (किती रॅम लॉक करता येईल त्याची) लिमिट कमी असेल तर व्हीएफआयओ मॅपिंगलाच अडतं.

आता खरी मजा, न्यूमा, म्हणजे प्रत्येक सीपीयूला स्वतःच्या बाजूची मेमरी आणि स्लॉट जवळ, दुसऱ्याच्या बाजूचे लांब. आमचा सर्व्हर दोन सॉकेटचा, कार्ड दुसऱ्या सॉकेटला जोडलेल्या स्लॉटात, आणि व्हीएम मात्र पहिल्या सॉकेटच्या कोरवर पिन केलेला. सगळं चालत होतं, फक्त जेवढं व्हायला हवं तेवढं होत नव्हतं आणि लोड वाढला की आरएक्स मिस्डचा (घ्यायच्या राहून गेलेल्या पॅकेटचा) काउंटर हळूहळू चढायचा. हळूहळू चढणारा काउंटर फार फसवा असतो, कारण तो बघून वाटतं की आपल्या कोडमध्ये कुठेतरी थोडा वेळ जातोय, थोडं ऑप्टिमाइझ केलं की बसेल. मी रिंग (डिस्क्रिप्टरची रांग) मोठी केली, ५१२ वरून २०४८ डिस्क्रिप्टर केले, त्याने झटके सहन व्हायला लागले पण सरासरी तिथेच. बर्स्ट (एका वेळी उचलायची पॅकेटं) बदलून बघितला, प्रीफेच घातले (डेटा आधीच कॅशमध्ये मागवून बघितला). मग सहज म्हणून सिसएफएसमध्ये त्या पीसीआय डिव्हाइसची न्यूमा-नोड फाइल उघडली, त्यात १, आणि माझे कोर सगळे ० वर. म्हणजे प्रत्येक डिस्क्रिप्टर, प्रत्येक पॅकेट दोन सॉकेटमधला पूल ओलांडून येत होतं, आणि आपल्याकडे आहेत किती, तर पॅकेटमागे २६.८८ नॅनोसेकंद. व्हीएमचे कोर आणि ह्यूजपेज (मेमरीची मोठी पानं) दोन्ही नोड १ वर हलवले, कोडची एक ओळ न बदलता काउंटर जागच्या जागी थांबला. ते बघून जे समाधान वाटलं ते शब्दांत सांगता येत नाही. १ जीबीची ह्यूजपेज त्या नोडवर बूटलाच राखून ठेवा, आणि ज्या कोरवर पोलिंग चालतं ते आयसोलसीपीयूएस आणि नोहर्ट्झ-फुल लावून शेड्यूलरपासून वेगळे काढा, नाहीतर कुठलंतरी फालतू काम येऊन कोर क्षणभर घेतं आणि तेवढ्यात रिंग भरते. गणित बघायचं तर २०४८ डिस्क्रिप्टरची रिंग लाइन रेटला ५५ मायक्रोसेकंदांत भरते. तेवढाच तो काय वेळ.

पीएफच्या ताब्याबद्दल आता. व्हीएफला स्वतःचं म्हणून फार काही ठरवता येत नाही, कुठला मॅक (कार्डाचा पत्ता) वापरायचा, कुठला व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा विभाग), प्रॉमिस्क्युअस होता (दुसऱ्यांचंही ट्रॅफिक घेता) येईल का, हे सगळं पीएफचा ड्रायव्हर ठरवतो आणि व्हीएफ त्याला मेसेज पाठवून विनंती करतो. सुरक्षेसाठी हे असंच हवं, दुसऱ्याच्या व्हीएमने माझ्या मॅकवरून पॅकेट पाठवलेली मलाही चालणार नाहीत. पण हे आधी माहीत नसेल तर वेळ कसा जातो बघा. आमच्या दोन लोड बॅलन्सरमध्ये व्हीआरआरपी (एक पडला की दुसऱ्याने जागा घ्यायचा प्रोटोकॉल) आहे, मास्टर पडला की बॅकअपने व्हर्च्युअल मॅक घेऊन पुढे चालवायचं. व्हर्टआयओवर वर्षानुवर्षं चाललेलं. व्हीएफवर आणलं तर आतून टीएक्सचे (पाठवलेल्या पॅकेटचे) काउंटर वाढतायत, ॲप म्हणतंय पाठवलं, आणि स्विचवर एक पॅकेट दिसत नाही. होस्टवर टीसीपीडम्प (ट्रॅफिक बघायचं टूल) लावलं तर तिथेही शांतता, आणि ती तर नेहमीचीच, कारण व्हीएफचं ट्रॅफिक होस्टच्या इंटरफेसवरून जातच नाही. इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो, म्हणून सांगतो की व्हीएफवरच्या डीपीडीकेचं ट्रॅफिक बघायचं असेल तर डीपीडीकेचंच डम्पकॅप टूल वापरा, होस्टचं टीसीपीडम्प काही दाखवणार नाही.

कारण होतं स्पूफ चेक. नेमून दिलेल्या मॅकपेक्षा वेगळ्या मॅकवरून पॅकेट निघालं की कार्ड ते हार्डवेअरमध्येच टाकून देतं, व्हीएमच्या आत त्याची एरर येत नाही. आयपी लिंक शोच्या आउटपुटमध्ये प्रत्येक व्हीएफपुढे स्पूफ चेकिंग ऑन, ट्रस्ट ऑफ असं लिहिलेलं असतं, ते मी रोज बघत होतो पण वाचत नव्हतो. स्पूफ चेक बंद केल्यावर पॅकेट जायला लागली, पण येईनात, कारण घेण्यासाठी व्हर्च्युअल मॅकचा फिल्टर लावायला लागतो, आणि होस्टवरून व्हीएफला मॅक नेमून दिला असेल तर व्हीएफला दुसरा युनिकास्ट मॅक स्वतःहून जोडता येत नाही, ट्रस्ट असेल तरच. ट्रस्ट ऑन केलं आणि एकदम सगळं सुरळीत. मात्र ट्रस्ट बदलला की तो व्हीएफ रीसेट होतो, चालू ॲपखाली करू नका, व्हीएम सुरू व्हायच्या आधी करा. आणि हे दोन्ही फक्त ज्या व्हीएमवर तुमचा पूर्ण भरवसा आहे त्यालाच द्या, सगळ्यांना सरसकट नको. प्रॉमिस्क्युअसचं अजून एक, ट्रस्ट दिल्यावरही सगळं ट्रॅफिक दिसत नाही, जे दुसऱ्या कोणाचं नाही तेवढंच येतं. खरोखर सगळं हवं असेल तर पीएफवर इथटूलने (कार्डाची सेटिंग बघायच्या-बदलायच्या कमांडने) ट्रू प्रॉमिस्कचा प्रायव्हेट फ्लॅग वेगळा लावायला लागतो.

मॅक होस्टवरूनच नेमून द्या, हेही आलंच ओघात. नाही दिला तर व्हीएफ दर वेळी नवीन रँडम मॅक घेऊन उठतो आणि तुमची सगळी एआरपी, डीएचसीपीची नोंद बिघडते.

एक गोष्ट सिक्युरिटीवाल्यांनी वाचायलाच हवी. एकाच पोर्टवरचे दोन व्हीएफ एकमेकांशी बोलले तर ते पॅकेट बाहेर वायरवर जातच नाही, कार्डाच्या आतल्या स्विचमधूनच वळतं. स्पीडला छान, लॅटन्सीला छान, पण तुमच्या बाहेरच्या स्विचवरच्या ॲक्सेस लिस्टला ते ट्रॅफिक कधीच दिसत नाही. वेगळे ठेवायचे व्हीएम असतील तर व्हीएफला होस्टवरूनच वेगवेगळे व्हीलॅन द्या. शिवाय असं वळणारं प्रत्येक पॅकेट पीसीआयईवरून एकदा वर आणि एकदा खाली जातं, तेव्हा स्लॉटचा हिशेब करताना हेही धरा.

केबलबद्दल थोडक्यात. २५ जी ला एफईसी (केबलवर आलेल्या चुका दुरुस्त करायची पद्धत) दोन्ही बाजूंना सारखा लागतो, आरएस किंवा बेस-आर किंवा काहीच नाही. एका बाजूला आरएस आणि दुसऱ्या बाजूला बंद असेल तर लिंक येत नाही आणि माणूस केबलला दोष देत बसतो. इथटूलने बघा, दोन्हीकडे जुळवा, विषय संपला.

रीसेटच्या बाबतीत मात्र ॲप लिहिणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. पीएफ रीसेट झाला की त्याच्यावरचे सगळे व्हीएफ रीसेट होतात. डीपीडीके ॲपला त्याचा इव्हेंट देतं, इंटर-रीसेट नावाचा, तो पकडून पोर्ट रीसेट करून परत सुरू करायचा असतो. नमुन्याच्या कोडवरून लिहिलेल्या कितीतरी ॲपमध्ये हा भाग नसतोच, आमच्याही नव्हता. होस्टवर रात्री मेंटेनन्स झाला, पीएफ एकदा रीसेट होऊन दोन सेकंदांत परत आला, आणि आमची फायरवॉल सकाळपर्यंत पोल करत बसली होती, शून्य पॅकेट, शून्य एरर. आता इव्हेंटही पकडतो आणि शिवाय ठरावीक वेळ आरएक्स शून्य राहिला तर अलार्म पण वाजतो. ज्या माणसाच्या हातात होस्टवरचा पीएफ आहे आणि ज्याच्या हातात व्हीएममधलं ॲप आहे ते दोघं वेगळ्या टीमचे असतील तर त्यांना आधी एकत्र बसवा.

दुसऱ्या कार्डांशी तुलना करायची तर एनव्हिडियाच्या कनेक्टएक्स मालिकेत रीत वेगळी आहे. तिथे एसआर-आयओव्ही आणि व्हीएफची संख्या आधी फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये चालू करून कार्ड रीसेट करायला लागतं, पण मग डीपीडीकेसाठी व्हीएफआयओला बांधायची गरज नसते, कर्नलचा ड्रायव्हर आणि डीपीडीके एकाच डिव्हाइसवर शेजारी नांदतात. कंटेनरमध्ये चालवणाऱ्यांना ते सोयीचं पडतं. इंटेलकडे माझं मन वळलं ते आयएव्हीएफ ड्रायव्हरमुळे. व्हीएमच्या आत एकच व्हीएफ ड्रायव्हर, ७०० मालिकेच्या कार्डावर पण तोच आणि ८०० वर पण तोच. खालचं कार्ड बदललं तरी व्हीएमची इमेज परत बांधायला लागत नाही. जुन्या कार्डांच्या काळात वेगवेगळ्या मालिकांचे व्हीएफ ड्रायव्हर वेगळे सांभाळलेत, त्यामुळे याची किंमत मला कळते.

डीपीडीकेबद्दलही दोन शब्द, कारण कार्ड एकटं काही करत नाही. इंटेलमध्ये सुरू झालेलं हे काम २०१७ पासून लिनक्स फाउंडेशनकडे आहे आणि आज जवळपास सगळ्या मोठ्या कार्डवाल्यांचे ड्रायव्हर त्यात आहेत. याचे जनक मानले जाणारे वेंकी वेंकटेसन २०१८ मध्ये गेले. जे पोलिंग आणि बर्स्ट आज आपण सहज गृहीत धरतो त्याच्यामागे या माणसाचा विचार आहे, तो नसता तर साध्या सर्व्हरच्या कोरवर हे आकडे काढायचं धाडस कोणी केलं नसतं असं मला मनापासून वाटतं.

कोणी घ्यावं? ज्यांना एकाच सर्व्हरवर चार-सहा-आठ ॲपना कार्ड वाटून द्यायचंय, प्रत्येकाला थेट रस्ता हवाय आणि व्हीएम जागचे हलणार नाहीत, त्यांनी बिनधास्त घ्या. एकच ॲप आणि पूर्ण कार्ड त्याचंच असेल तर व्हीएफच्या भानगडीत पडू नका, सरळ पीएफच डीपीडीकेला द्या, वरचं अर्धं वाचायचीही गरज नाही. आणि ज्यांना व्हीएम चालू असताना एका होस्टवरून दुसरीकडे हलवायला लागतात, त्यांनी थांबा, साधा पासथ्रू केलेला व्हीएफ असा उचलून नेता येत नाही, तुमच्यासाठी अजून व्हर्टआयओच बरं.

पाच पैकी साडेचार. अर्धा यासाठी कापला की व्हीएफ व्हीएमच्या आतून बघणाऱ्याला स्वतःचं पॅकेट कुठे टाकलं गेलं हे कळत नाही, त्यासाठी प्रत्येक वेळी होस्टवर जाऊन काउंटर बघायला लागतात. मी आता दर मिनिटाला होस्टवरचे व्हीएफचे काउंटर गोळा करून त्या त्या व्हीएमच्या डॅशबोर्डवर टाकतो, स्पूफ चेक आणि ट्रस्टची स्थिती पण त्याच्याच शेजारी.